सापशिडीचा डाव, दहा हजार वेळा

प्रोग्रॅमिंगमध्ये लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणारी रचना, शिकणाऱ्याला पहिल्या आठवड्यात काय करायला सांगतात? एक ते दहा आकडे छापा, सातचा पाढा छापा, ताऱ्यांचा त्रिकोण काढा. यातून लूपचं व्याकरण कळतं, पण त्याची गरज कळत नाही. सातचा पाढा सगळ्यांना येतो, त्यासाठी कॉम्प्युटर लागत नाही. सराव अशा प्रश्नावर करावा ज्याचं उत्तर लिहिणाऱ्याला माहीत नाही आणि कागदावर चटकन काढताही येत नाही. असा एक प्रश्न बहुतेक घरांत कपाटावर धूळ खात पडलेला असतो: सापशिडीचा एक डाव संपायला सरासरी किती दानं टाकावी लागतात?

या एका प्रश्नात व्हाइल लूप लागतो, त्याच्याबाहेर फॉर लूप लागतो, रँडम आकडा लागतो, जर-तर लागतं, पुढे डिक्शनरीही लागते. नवशिक्या मात्र यातल्या कशाशीच फारसा अडत नाही. तो अडतो शून्याशी. मोजणी शून्यावर कुठे आणायची, कोणत्या लूपच्या आत आणि कोणत्या लूपच्या बाहेर, हे ज्याला नीट उमगलं त्याला लूपच्या आतला लूप आला असं खुशाल समजावं. या पोस्टचा निम्मा भाग त्या शून्यावरच आहे.

आराखडे मराठीत दिले आहेत. ‘जोवर’ म्हणजे व्हाइल, ‘जर’ म्हणजे इफ, ‘प्रत्येक’ म्हणजे फॉर, ‘!=’ म्हणजे ‘समान नाही’. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत टाइप करताना हे शब्द इंग्रजीतलेच लागतात, पण व्हेरिएबलची, म्हणजे किंमत साठवणाऱ्या डब्यांची, नावं पायथन ३ मध्ये देवनागरीत चालतात. घर, दान, मोजणी अशी नावं बेलाशक द्या. दोन गोष्टी सांभाळा. कोडमध्ये थेट लिहिलेला देवनागरी आकडा चालत नाही, तिथे इंग्रजी अंकच हवेत. गंमत म्हणजे वापरणाऱ्याने कीबोर्डवरून ‘१२’ असं देवनागरीत लिहिलं तर मजकुराचा आकडा करणारं इंट() ते बिनतक्रार बारा समजतं. दुसरं, काही कीबोर्ड जोडाक्षरांत एक अदृश्य जोडचिन्ह घुसवतात. तसं चिन्ह नावात आलं की पायथन त्या ओळीवर अडतो आणि डोळ्यांना काहीच चूक दिसत नाही. नाव पुसून साध्या अक्षरांचं दुसरं नाव द्यावं, शोधत बसू नये.

आधी फासा तपासा

सोंगटी हलवण्याआधी फासा खरा आहे का ते पाहायचं. पायथनच्या रँडम मॉड्यूलमध्ये, म्हणजे तयार कोडच्या संचात, दोन फंक्शनं (नावाने हाक मारून चालवायचे कोडचे तुकडे) आहेत, नावं सारखीच आणि वागणं वेगळं. रँडइंट(१, ६) एक ते सहा देतं, दोन्ही टोकं धरून. रँडरेंज(१, ६) एक ते पाच देतं, कारण ते रेंजच्या चालीने चालतं आणि शेवटचा आकडा वगळतं. या फाशाला सहा कधीच पडत नाही आणि प्रोग्रॅम कुठलीही तक्रार करत नाही. म्हणून पहिला लूप हा:

मोज = [०, ०, ०, ०, ०, ०, ०]
प्रत्येक फेरा, ६०००० वेळा:
    दान = रँडइंट(१, ६)
    मोज[दान] = मोज[दान] + १
दाखव मोज

यादीत सात शून्यं मुद्दाम आहेत. यादीची मोजदाद शून्यापासून सुरू होते, त्यामुळे पहिलं घर रिकामं सोडलं की एकचा आकडा एकच्या घरात जातो आणि डोकं शांत राहतं. साठ हजार दानांत प्रत्येक आकडा दहा हजारांच्या आसपास यायला हवा. ‘आसपास’ म्हणजे किती, तेही ठरलेलं आहे: ९,७०० ते १०,३०० या पट्ट्याबाहेर चांगला फासा क्वचितच जातो. पाच आकडे बारा-बारा हजार आणि सहाच्या जागी शून्य दिसलं तर रँडरेंज वापरलंय. सगळे साठ हजार एकाच आकड्याच्या नावावर जमा झाले तर फासा टाकण्याची ओळ लूपच्या बाहेर राहिलीय. दान एकदाच पडलं आणि तेच साठ हजार वेळा मोजलं गेलं.

तपासणी झाली की रँडइंटची ओळ फासा() नावाच्या फंक्शनमध्ये ठेवून द्या. आत्ता हा उद्योग फुकाचा वाटेल, पुढे त्याचा उपयोग आहे.

सहाची वाट

व्हाइल लूपसाठी सर्वांत स्वच्छ व्यायाम म्हणजे सहा पडेपर्यंत फासा टाकणं. किती वेळा टाकावा लागेल हे आधी ठाऊक नाही, म्हणून इथे फॉर चालत नाही. फॉर आणि व्हाइल यांतला फरक यापेक्षा सोप्या भाषेत सांगता येत नाही.

मोजणी = ०
दान = ०
जोवर दान != ६:
    दान = फासा()
    मोजणी = मोजणी + १
दाखव मोजणी

दुसऱ्या ओळीतलं दान = ० कशाला? लूपच्या दारातच दानाची किंमत विचारली जाते, तेव्हा तिथे काहीतरी असावं लागतं, आणि ते सहा नसावं लागतं. ही ओळ विसरली तर पायथन ‘असं नाव माहीत नाही’ म्हणून थांबतो. ती चूक बरी, निदान बोलते तरी.

हेच दहा हजार वेळा चालवलं तर सरासरी सहाच्या जवळ येते, आणि बहुतेकांचा अंदाजही तोच असतो. पण सगळ्या उत्तरांची यादी ठेवून ती लहान-मोठ्या क्रमाने लावली तर मधलं उत्तर चार येतं, आणि सर्वांत जास्त वेळा येणारं उत्तर एक असतं, सहापैकी एकदा. शेपूट लांब असते: दहा हजारांत साधारण सात वेळा चाळीस दानांतही सहा पडत नाही. एकटी सरासरी छापून समाधान मानू नये. सर्वांत लहान, मधलं आणि सर्वांत मोठं उत्तरही छापावं. चुका तिथे सापडतात.

एक डाव

आता सापशिडी. साप नाहीत, शिड्या नाहीत, एकच खेळणारा. सोंगटी पटाबाहेर, म्हणजे शून्यावर. शंभरावर जायला बरोबर दान हवं. ९७ वर असताना पाच पडले तर सोंगटी हलत नाही, पण दान मोजलं जातं.

घर = ०
मोजणी = ०
जोवर घर < १००:
    दान = फासा()
    मोजणी = मोजणी + १
    जर घर + दान <= १००:
        घर = घर + दान
दाखव मोजणी

आठ ओळी, आणि त्यांत बिघडण्याच्या जागा बऱ्याच. फासा टाकण्याची ओळ लूपच्या वर गेली तर काय होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. आता सगळ्या डावभर एकच दान. ते एक असेल तर शंभर दानांत, दोन असेल तर पन्नास, चार असेल तर पंचवीस आणि पाच असेल तर वीस दानांत डाव संपतो, कारण या चारही आकड्यांनी शंभरला पूर्ण भाग जातो. तीन पडले तर सोंगटी ९९ वर आणि सहा पडले तर ९६ वर जाऊन कायमची बसते. प्रोग्रॅम गप्प, पंखा फिरतोय. म्हणजे तीनपैकी दोन वेळा प्रोग्रॅम ‘चालतो’ आणि एक वेळा लटकतो. अशा चुकीला लोक ‘कधी कधी हँग होतं’ म्हणून सोडून देतात. रँडम असलेल्या प्रोग्रॅममध्ये ‘कधी कधी’ हा शब्द ऐकला की लूपच्या आत-बाहेर काय आहे ते आधी बघायचं. लटकलेला प्रोग्रॅम कंट्रोल-सीने थांबतो, आणि थांबताना तो कोणत्या ओळीवर होता तेही सांगतो. ती ओळ वाचल्याशिवाय खिडकी बंद करू नका.

दुसरी चूक याहून फसवी:

    जर घर + फासा() <= १००:
        घर = घर + फासा()

वाचायला सुटसुटीत, पण इथे फासा दोनदा पडतो. एका दानाने परवानगी घेतली आणि दुसऱ्याच दानाने सोंगटी हलवली. सोंगटी १०३ वर जाऊ शकते. वरची अट ‘१०० पेक्षा कमी’ अशी असेल तर डाव चुकीचा संपतो. ‘१०० नाही तोवर’ अशी असेल तर १०३ वरून परत यायचा रस्ताच नाही आणि लूप अनंत होतो. फंक्शनला हाक मारली की दरवेळी नवं दान पडतं, म्हणून दान एकदा टाकायचं, नावाच्या डबीत ठेवायचं आणि पुढे डबी वापरायची.

आता फासा() वेगळं ठेवल्याचा फायदा. खरा फासा बाजूला ठेवा आणि ठरलेली दानं देणारा खोटा फासा लावा: सोळा वेळा सहा, मग पाच, मग चार. सोळा सहा म्हणजे ९६. पाचने सोंगटी हलू नये. चारने डाव संपावा. मोजणी अठरा आली पाहिजे. सतरा आली तर फुकट गेलेलं दान मोजलं जात नाहीये, म्हणजे मोजणीची ओळ चुकून ‘जर’च्या आत सरकलीय. नशिबावर चालणारा प्रोग्रॅम तपासताना आधी नशीब काढून घ्यावं. ही युक्ती नवशिक्यांना फार उशिरा सांगितली जाते, खरं तर ती पहिल्या दिवशी सांगायला हवी.

शून्याची जागा

एक डाव बिनचूक झाला की मगच त्याच्याभोवती दुसरा लूप घालायचा. उलट क्रमाने, आधी दहा हजारांचा लूप लिहून त्यात डाव भरत गेलात, तर चूक आतल्या लूपची की बाहेरच्या हे ओळखता येत नाही.

एकूण = ०
प्रत्येक डाव, १००० वेळा:
    घर = ०
    मोजणी = ०
    जोवर घर < १००:
        दान = फासा()
        मोजणी = मोजणी + १
        जर घर + दान <= १००:
            घर = घर + दान
    एकूण = एकूण + मोजणी
दाखव एकूण / १०००

इथे तीन शून्यं आहेत आणि त्यांच्या जागा दोन. कोणतं शून्य कुठे, हे पाठ करायचं नसतं, विचारायचं असतं: ही गोष्ट कशाची आहे? एकूण ही सगळ्या डावांची गोष्ट, म्हणून ती सगळ्या डावांच्या आधी. घर आणि मोजणी एका डावाच्या गोष्टी, म्हणून त्या प्रत्येक डावाच्या सुरुवातीला. दान ही एका फेकीची गोष्ट, म्हणून ती सर्वांत आत. पट पुन्हा मांडताना आपण सोंगटी हाताने उचलून बाहेर ठेवतो. कॉम्प्युटरला ते सांगावं लागतं, तो स्वतःहून पट मांडत नाही.

बरोबर उत्तर ३३.३ च्या आसपास येतं. चुकलं तर उत्तराच्या आकड्यावरूनच चूक ओळखता येते.

घर = ० ही ओळ बाहेरच्या लूपच्या वर राहिली, तर पहिला डाव नीट होतो आणि त्यानंतर सोंगटी शंभरावरच बसून राहते. आतला लूप दारातूनच परत फिरतो. ९९९ डाव शून्य दानांत संपतात आणि सरासरी ०.०३ येते.

मोजणी = ० बाहेर राहिली, तर प्रत्येक डावाची मोजणी आधीच्या डावाच्या पुढे सुरू होते: ३३, ६६, १००, असं चढत जातं. हजार डावांची सरासरी साडेसोळा हजारांच्या पुढे जाते. उत्तर अवाढव्य आलं, आणि डावांची संख्या वाढवली की तेही त्याच प्रमाणात वाढतं, हे या चुकीचं लक्षण.

एकूण = ० आत गेली, तर प्रत्येक डावाला आधीची बेरीज पुसली जाते. शेवटच्या डावाचीच दानं उरतात आणि हजाराने भागली जातात. पुन्हा ०.०३. पहिल्या आणि या चुकीचा आकडा सारखाच, म्हणून नुसती सरासरी पुरत नाही. प्रत्येक डावाची मोजणी यादीत टाका आणि पहिले दहा आकडे पाहा. पहिला ३५ आणि पुढे नऊ शून्यं दिसली तर घर चुकलं. दहाही आकडे शहाण्यासारखे असतील तर एकूण चुकलं.

शेवटची एकूण = एकूण + मोजणी ही ओळ एक पायरी आत सरकली तर ती प्रत्येक दानाला चालते आणि १ + २ + ३ + … अशी बेरीज होते. एका डावाचे ३३ च्या जागी सुमारे ५९० होतात. पायथनमध्ये या सगळ्या चुका म्हणजे चार स्पेसचा फरक.

आणखी एक तपासणी, फुकटात मिळणारी: सहा-सहाने गेलं तरी शंभर गाठायला किमान सतरा दानं लागतात. यादीतला सर्वांत लहान आकडा सतराच्या खाली दिसला की पुढे जाऊ नका.

३३.३ कुठून येतात

एका दानाची सरासरी ३.५. शंभरला साडेतीनने भागलं तर २८.६ येतात, आणि बहुतेक जण हाच अंदाज बांधतात. प्रोग्रॅममध्ये बरोबर दानाची अट काढून टाकली, शंभर किंवा त्यापुढे गेलं की संपलं असं ठेवलं, तर सरासरी २९.०५ येते. थोडी जास्त, कारण शेवटचं दान सरासरी दीड-पावणेदोन घरं पुढे नेतं. बरोबर दानाची अट घातली की ३३.३. म्हणजे त्या एका अटीची किंमत चार दानांहून जास्त.

कारण फार सुंदर आहे. सोंगटी शेवटच्या सहा घरांच्या टप्प्यात आली, म्हणजे ९४ ते ९९ वर कुठेही असली, की जिंकायला सहापैकी नेमकं एकच दान चालतं. ९४ वर असताना सहा, ९९ वर असताना एक. मधल्या दानांनी ती सरकेल किंवा जागीच राहील, पण पुढच्या वेळीही संधी सहात एकच. ही तर वरची ‘सहाची वाट’च झाली. म्हणून ९४ वर बसलेला आणि ९९ वर बसलेला, दोघांनाही सरासरी सहाच दानं लागतात. ९९ वर पोचलेल्याचा उत्साह समजू शकतो, पण त्याला आधार नाही. विश्वास बसत नसेल तर सुरुवातीच्या घर = ० ऐवजी ९४ घालून एकदा आणि ९९ घालून एकदा दहा हजार डाव चालवा. दोन्हीकडे सहा.

‘एक पडल्याशिवाय सोंगटी बाहेर येत नाही’ हा नियम लावायचा तर खेळाच्या लूपच्या आधी वाट पाहण्याचा आणखी एक छोटा लूप येतो. एक पडला की घर = १. सरासरी ३९ च्या थोडी वर जाते. इथे मोजणी = ० त्या छोट्या लूपच्या आधी हवं. मध्ये ठेवलं तर वाट पाहण्यात गेलेली दानं हरवतात आणि उत्तर ३३ येतं. ते इतकं समजूतदार दिसतं की संशयही येत नाही.

साप

साप आणि शिड्या ‘उड्या’ नावाच्या एकाच डिक्शनरीत, म्हणजे जोड्यांच्या यादीत, ठेवाव्यात: डावीकडे तोंडाचं किंवा पायथ्याचं घर, उजवीकडे जिथे जायचं ते. सोंगटी हलवल्यावर एकच ओळ पुरते: घर = उड्या.गेट(घर, घर). डिक्शनरीत घर असेल तर उडी, नसेल तर आहे तिथेच. दहा सापांसाठी दहा ‘जर’ एकाखाली एक लिहिले तर एका उडीनंतरचं घर पुढच्या ‘जर’मध्ये पुन्हा तपासलं जातं, आणि शिडीवरून वर आलेला दुसऱ्या कुठल्या ओळीत अडकू शकतो. उडीची ओळ ‘घर हलवलं’ त्याच ‘जर’च्या आत ठेवा.

सुरुवात एकाच सापाने करा, ९९ वरून ४१ वर आणणाऱ्या. अंदाज लिहून ठेवा आणि मग चालवा. सरासरी ३३.३ वरून ५०.५ च्या आसपास जाते. एका सापाने निम्मा डाव वाढवला. पहिल्यांदा वर पोचलेल्यांपैकी साधारण ५२ टक्क्यांना तो गिळतोच, कारण शेवटच्या टप्प्यात जिंकवणारं दान एक आणि सापाच्या तोंडी देणारं दानही एक, दोघांची शक्यता सारखी. शिवाय ९३ वरून सहा पडून थेट तोंडात जाणारेही काही असतात. जुन्या मोक्षपटात साप म्हणजे दुर्गुण आणि शिड्या म्हणजे सद्गुण. मोक्षाच्या दारात बसलेला दुर्गुण किती महाग पडतो, त्याचा हिशेब हा असा निघतो.

सरासरीसोबत विखुरणंही बदलतं. साप नसताना बहुतेक डाव ३३ च्या मागेपुढे सहा-सहा दानांत असतात. साप आल्यावर ते विखुरणं २८ च्या आसपास जातं. पाच-पाच दानांचे गट करून प्रत्येक गटासमोर तारे छापा, दर पन्नास डावांना एक तारा. पहिल्या चित्रात एक टेकडी दिसेल. दुसऱ्यात टेकडीनंतर दूरवर जाणारे चढउतार दिसतील, न गिळलेल्यांचे, एकदा गिळलेल्यांचे, दोनदा गिळलेल्यांचे. ताऱ्यांचे त्रिकोण काढायचा सराव इथे कामी येतो.

किती डाव पुरेत

दहा डावांची सरासरी काहीही सांगत नाही. नियम असा: एका डावाचं विखुरणं भागिले डावांच्या संख्येचं वर्गमूळ, एवढी सरासरी हलते. साप नसताना १०० डावांत सुमारे ०.६ ने आणि १०,००० डावांत ०.०६ ने. अचूकता दुप्पट हवी तर डाव चौपट, दहापट हवी तर शंभरपट. सापाच्या पटावर १०,००० डावांतही ०.३ इकडेतिकडे होणारच, तेव्हा ५०.२ आलं म्हणून चूक शोधत बसू नका.

हे अंगात मुरण्यासाठी एक जुना प्रश्न सोडवा. १६५४ साली गणितज्ञ पास्कलने गणितज्ञ फर्माला लिहिलेल्या पत्रात तो आहे, शेव्हालिए द मेरे या जुगारात रस असलेल्या फ्रेंच लेखकाच्या नावाने. एक फासा चार वेळा टाकून निदान एकदा सहा पडण्याची शक्यता, आणि दोन फासे चोवीस वेळा टाकून निदान एकदा सहा-सहा पडण्याची शक्यता, या सारख्या आहेत का? पहिली ५१.७७ टक्के, दुसरी ४९.१४ टक्के. पैज लावणाऱ्यासाठी एक फायद्याची, दुसरी तोट्याची. दुसरीसाठी हजार डाव चालवले तर साधारण दहातून तीन वेळा उत्तर पन्नासच्या वर येतं आणि तुम्ही चुकीची बाजू घेता. दहा हजारांत ही चूक शंभरातून चारेक वेळा होते. एक लाख डावांत जवळजवळ कधीच नाही.

इथेही चुका आकड्यांवरून ओळखू येतात. ६६.७ टक्के आलं तर ‘निदान एकदा’ ऐवजी एकूण किती सहा पडले ते मोजलंय. पहिला सहा दिसताच ब्रेक हवा, किंवा ‘सापडला’ अशी खूण हवी, आणि ती खूण प्रत्येक डावाच्या सुरुवातीला ‘नाही’वर आणायला हवी. पुन्हा तीच शून्याची गोष्ट: खूण बाहेर राहिली तर उत्तर शंभर टक्क्यांना चिकटतं. ब्रेक फक्त आतला लूप सोडतो, बाहेरचा चालू राहतो, आणि इथे आपल्याला तेच हवं आहे. दोन फाशांची बेरीज म्हणून फासा() * २ लिहिलं तर उत्तर ९८.७ येतं, आणि रँडइंट(२, १२) लिहिलं तर नव्वदच्या आसपास. दोन ते बारा हे अकरा आकडे सारख्या शक्यतेचे नाहीत: सात सहा प्रकारे पडतात, बारा एकाच.

या पद्धतीचं नाव मॉन्टे कार्लो. १९४६ साली आजारपणातून उठताना पत्त्यांचा एकट्याने खेळायचा डाव किती वेळा सुटेल याचा विचार करता करता गणितज्ञ स्टॅनिस्लॉ उलामला ती सुचली: गणित जमत नसेल तर शंभर डाव मांडून मोजावेत. त्याचा सहकारी गणितज्ञ जॉन फॉन नॉयमनने ती तेव्हाच्या कॉम्प्युटरवर नेली, आणि १९४९ साली भौतिकशास्त्रज्ञ मेट्रोपोलिस आणि उलाम यांचा त्याच नावाचा लेख आला. सापशिडीसाठी आपण लिहिलेले दोन लूप त्याच जातीचे आहेत.

पायथनचा फासा खरा रँडम नसतो. मर्सेन ट्विस्टर नावाचं सूत्र एका बीजापासून (सीड) आकड्यांची लांबलचक माळ ओढत जातं. प्रोग्रॅमच्या वर सीड(७) लिहिलं तर दरवेळी तीच माळ येते, त्यामुळे सापडलेली चूक पुन्हा घडवून बघता येते. चूक निस्तरली की सीड काढून टाका. ते फक्त वरच लिहायचं. डावाच्या लूपमध्ये गेलं तर दहा हजार डाव म्हणजे एकच डाव दहा हजार वेळा. ओळखायचं कसं? मोजण्यांच्या यादीतून वेगवेगळे आकडे किती ते छापा. एक आलं तर सीड आत आहे. पासवर्ड किंवा ओटीपी बनवायला हे मॉड्यूल वापरू नये. त्यासाठी पायथनमध्ये सीक्रेट्स नावाचं वेगळं मॉड्यूल आहे.

दहा हजार डाव म्हणजे सापाच्या पटावर पाच लाख दानं. साध्या लॅपटॉपवर ती एक-दोन सेकंदांत होतात. मिनिटं लागत असतील तर आतल्या लूपमध्ये छापण्याची ओळ राहिलीय, वेळ स्क्रीन खातोय.

आता पुढचा नियम स्वतः घाला: सहा पडले की आणखी एक दान. साप आणि शिड्या काढा, बरोबर दानाची अट ठेवा, सोंगटी शून्यावरून सुरू करा. एकट्या खेळणाऱ्याच्या दानांची सरासरी बदलणार नाही, ती ३३.३ च राहील. पण पाळ्या मोजल्या तर २७.८ च्या आसपास येतील, आणि त्यासाठी मोजणी + १ ही ओळ कुठे ठेवायची ते ठरवावं लागेल: प्रत्येक दानाला, की सहा नसलेल्या दानाला, आणि ९४ वरून सहा पडून डाव संपला तर ती पाळी मोजायची की नाही.